परग्रहांवरचे जीव आणि पत्रिकेतला मंगळ

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त पिंगुळी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की पाककृती, बालसंगोपन, बचत किंवा आरोग्य यांपैकी एखादा विषय असणार अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. या खेपेस चिटणीसबाईंनी सभासदांकडून चिठ्ठ्यांवर विषय मागवले. त्यांत एक चिठ्ठी निघाली, "पृथ्वीशिवाय दुसऱ्या ग्रहांवर जीव आहेत काय?" खाली नाव नव्हते. वाचून काहीजणी हसल्या. "आपल्याला ह्याचा काय उपयोग?" असेही कोणी म्हणाले. मी मात्र तीच चिठ्ठी मागून घेतली. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत बरीच वर्षे गणित आणि शास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. पण हा प्रश्न आपल्या घराच्या उंबऱ्यापासून वाटतो तितका लांब नाही, असे माझे मत आहे. ते कसे, हे ओघाने येईलच.

पहिल्यानेच एक सांगते. हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. आपल्या गुढीपूरची ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथीच्या पोथ्या मांडून रामायण-महाभारत सांगत आली. श्री. परशुराम गंगावणे यांना ह्याच कलेच्या सेवेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपण जाणताच. त्या चित्रांत स्वर्ग आहे, पाताळ आहे, आकाशातून जाणारी विमाने आहेत. देवापुढे उभे राहून आपण 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असा जयघोष करतो. म्हणजे आपल्या जगासारखी आणखी जगे असतील, ही कल्पना आपल्या आजीपणजींनाही परकी नव्हती.

मात्र कथा आणि पुरावा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कथेला आपण पुरावा मागत नाही, मागूही नये. पण "अमक्या ग्रहावर खरोखरच जीव सापडला" असे कोणी सांगू लागला, तर मात्र तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष काय दिसले? जे दिसले त्याला दुसरे काही कारण असू शकेल काय? आणि दुसऱ्या कोणी ते ताडून पाहिले आहे काय? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. आज आपल्याला ते पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

आता जीव म्हणजे काय ते पाहू. परग्रहावरचा जीव म्हटले की दोन हातांचा, मोठ्या डोळ्यांचा कोणी प्राणी आपण डोळ्यांपुढे आणतो. शास्त्रज्ञ मुख्यतः त्याचा शोध घेत नाहीत. पृथ्वीवर जीव प्रथम आला तो सूक्ष्म जंतूंच्या रूपाने, सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी, आणि पुढे कितीतरी काळ येथे त्यांच्यावाचून दुसरे कोणी नव्हतेच. हे जंतू आपल्या ओळखीचे आहेत. रात्री दुधाला विरजण लावतो, आंबोळीचे पीठ आंबायला ठेवतो, ते काम तेच करतात. त्यांना लागते पाणी, कार्बनसारखी काही मूलद्रव्ये आणि थोडी ऊर्जा. बाकी त्यांचे लाड फार नसतात. उकळत्या झऱ्यांत ते राहतात, मिठागरांत राहतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्केच्या आघाताने झालेले, खारे आणि क्षारयुक्त. जून २०२० मध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. इतक्या प्रतिकूल जागी जर जीव तग धरतो, तर तो इतर ग्रहांवर का नसावा, असे कोणाच्याही मनात येईल.

शिवाय जागांची वाण नाही. आपला सूर्य हा एक तारा, आणि आपल्या एकट्या आकाशगंगेत असे निदान दहा हजार कोटी तारे आहेत. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी प्रथम शोधला, आणि २०१९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या वर गेली. त्यांतल्या एका ताऱ्याला 'बिभा' असे नाव २०१९ मध्ये देण्यात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या स्त्री संशोधक बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. तिच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे नाव 'संतमस'. तो आपल्या ताऱ्याच्या इतका लगत आहे की दोन दिवसांच्या थोड्या वर वेळात त्याची प्रदक्षिणा पुरी होते. तेव्हा तिथे जीव असण्याची आशा नको! पण आकाशात आता एका भारतीय भगिनीच्या नावाचा तारा आहे, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे.

तुम्ही म्हणाल, इतक्या दूर कोणी गेलेले नाही, मग तिथे काय आहे हे कळते कसे? याचे उत्तर द्यायला आपल्याच जिल्ह्यात यावे लागते. विजयदुर्ग किल्ल्यावर काही ओटे दाखवतात. त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण त्यांच्याशी जोडलेली आहे, आणि त्या तारखेला तेथे हेलियम दिन साजरा होतो. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्या दिवशी अनेकांनी लोलकातून पाहिला. लोलकातून गेला की प्रकाशाचे इंद्रधनुष्याप्रमाणे पट्टे होतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याची त्यात ठराविक जागी रेघ उमटते. जणू प्रत्येकाची सही. सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ अशी निघाली की ती पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी द्रव्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये. म्हणजे सूर्यावरच्या वायूची ओळख आधी झाली आणि घरातल्याची सत्तावीस वर्षांनी!

येथे एक खुलासा केला पाहिजे. नॉर्मन लॉकियर याने विजयदुर्गावरूनच हेलियम शोधला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, आणि त्याने ती रेघ ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच पाहिली. ग्रहण पाहायला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हा गुंटूरला होता. हे सांगितल्याने विजयदुर्गाची शोभा कमी होत नाही. त्या ग्रहणाची छाया आपल्या किनाऱ्यावरून गेली, हे खरेच आहे. पण परग्रहाबद्दल पुरावा मागायचा आणि आपल्या जिल्ह्याबद्दल मागायचा नाही, असे करून चालणार नाही.

आता मंगळाकडे वळू. परग्रहावर जीव आहे असे माणसाला सर्वांत अधिक वाटले ते मंगळाबद्दल. १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. पुढे अमेरिकेतील लॉवेल यांनी ठाम सांगितले की ते कालवे आहेत, आणि हुशार प्राण्यांनी शेतीला पाणी नेण्यासाठी ते खणले आहेत. कितीएक लोकांनी यावर विश्वास ठेवला. १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने छायाचित्रे पाठवली. कालवा एकही नव्हता. खड्डे आणि उजाड जमीन तेवढी होती. डोळ्यांनी अस्पष्ट ठिपके पाहिले आणि मनाने ते जोडून रेषा केल्या, असे झाले होते. आपल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा, "दुसऱ्या कोणी ताडून पाहिले काय?" हा तेथे कामी आला.

मंगळावर पूर्वी पाणी वाहत होते, हे मात्र आता नक्की झाले आहे. १९७६ मध्ये अमेरिकेची दोन व्हायकिंग याने मंगळावर उतरली. मातीच्या एका चाचणीत जीव असल्यासारखी प्रतिक्रिया आली, पण दुसरीने तिला दुजोरा दिला नाही. मातीतील रसायनांमुळेच तसे झाले असावे, असे बहुतेकांचे मत पडले. २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स ह्या फिरत्या यंत्राला एका खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आढळले. तसे खनिज पृथ्वीवर चिखलात पुष्कळदा जंतूंच्या मदतीने तयार होते. सप्टेंबर २०२५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी काय म्हटले? की ही प्राचीन जीवाची खूण असू शकेल, परंतु जंतूंवाचूनही असे ठिपके पडू शकतात, म्हणून अधिक तपास हवा. त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे, पण तो अजून मंगळावरच आहे.

आपल्या देशाचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागले. २०२२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. नंदिनी हरिनाथ, ऋतू करिधाल, मौमिता दत्ता अशा कितीतरी भगिनींनी ह्या मोहिमेत जबाबदारीची कामे केली. मिथेन वायू शोधणारे एक उपकरण त्या यानावर होते, कारण मिथेन ही कधी कधी जीवाची खूण असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडे परत यायचे आहे.

आता आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने केलेला प्रयोग सांगते. आजच्या विषयाचा गाभा मी त्यालाच समजते.

डॉ. जयंत नारळीकर कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. पुण्याची 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली. आपल्यापैकी पुष्कळजणींनी त्यांच्या मराठी विज्ञानकथा वाचल्या असतील. पहिली कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहवून घेतली. मंगलाताई स्वतः गणिताच्या विदुषी होत्या. कथेला बक्षीस मिळाले. परग्रहावरचे जीव कथेत आणायला त्यांची हरकत नव्हती. प्रयोगशाळेत मात्र त्यांचा काटा वेगळा होता.

केंब्रिजला त्यांचे गुरू फ्रेड हॉईल होते. हॉईल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत असे, की जीव पृथ्वीवर उपजलाच नाही, तो धूमकेतूंबरोबर अंतराळातून जंतूंच्या रूपाने आला आणि अजूनही येत असावा. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. नारळीकरांनी म्हटले, वाद कशाला, पाहूच. वरून जंतू येत असतील तर ते हवेच्या अगदी वरच्या थरात सापडले पाहिजेत.

त्यासाठी इस्रोच्या मदतीने हैदराबादच्या केंद्रातून प्रचंड बलून सोडण्यात आले, पहिले जानेवारी २००१ मध्ये आणि दुसरे एप्रिल २००५ मध्ये. बलूनखाली निर्जंतुक केलेली, आतली हवा काढून टाकलेली पोलादी नळकांडी होती. ती द्रवरूप निऑनने अतिशय गार ठेवली होती. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीच्या दरम्यान ती एकेक करून उघडली, तिथली हवा आत शिरून गोठली, आणि झडपा पुन्हा बंद झाल्या. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरांहून कमी आणि प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटरांवरून जातात, हे लक्षात घेतले म्हणजे एकेचाळीस किलोमीटर किती ते समजेल. नंतर सर्व सरंजाम हवाई छत्रीने खाली उतरवला.

इतकी खबरदारी कशासाठी? हे आपल्याइतके कोणाला कळणार नाही. लोणच्याच्या बरणीत बुरशी आली तर आपण काय विचारतो? ती कैरीतच होती, की कोणी ओला चमचा घातला? वरच्या हवेत जंतू सापडले, तर ते वरचे की आपल्याच हातांवरचे, हा अगदी तोच प्रश्न. म्हणून एक नमुना हैदराबादच्या प्रयोगशाळेत आणि दुसरा पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, असा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासला. हैदराबादला एस. शिवाजी आणि पुण्याला योगेश शौचे यांनी हे काम पाहिले.

आणि जंतू सापडले! दुसऱ्या उड्डाणातून जंतूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. बहुतेक पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींसारख्या होत्या. तीन जाती मात्र तोवर कोणी नोंदवलेल्या नव्हत्या, आणि सूर्याचे जाळणारे अतिनील किरण त्या आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अधिक सोसत होत्या. २००९ मध्ये ही बातमी जाहीर झाली. एका जातीला इस्रोचे नाव दिले, एकीला आर्यभटाचे, आणि एकीला गुरू हॉईल यांचे.

भगिनींनो, कल्पना करा. गुरूंचे मत जगाने हसण्यावारी नेलेले, आणि शिष्याच्या हाती एकेचाळीस किलोमीटर उंचीवरचे जंतू! "जीव आकाशातून येतो हे सिद्ध झाले" असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण संशोधकांनी तसे म्हटले नाही. हे जंतू पृथ्वीबाहेरचे आहेत हे यावरून सिद्ध होत नाही, पुढे शोध चालू ठेवण्यास मात्र उत्तेजन मिळते, एवढेच त्यांनी सांगितले. कारण दुसरा प्रश्न शिल्लक होता. ते खालूनच वर गेले नसतील कशावरून? ही सावधगिरी पुढे योग्यच ठरली. आर्यभटाचे नाव दिलेली जात नंतर पृथ्वीवरच्या मातीत, झाडांच्या मुळांशी कितीतरी ठिकाणी सापडली, आणि पिकांच्या वाढीला तिचा उपयोग होतो काय, ह्याचा अभ्यास सुरू झाला. स्वतःला जे खरे ठरावेसे वाटते, त्यालाच सर्वांत कडक काटा लावायचा. मला ह्या प्रयोगातून हे शिकायला मिळाले.

असेच एक ताजे उदाहरण दूरच्या ग्रहाचे आहे. सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर के२-१८बी नावाचा ग्रह आहे. पृथ्वीहून वजनाने आठपटीपेक्षा जास्त. केंब्रिजमधले भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या हवेतून आलेला प्रकाश तपासला. पद्धत तीच, ग्रहणाच्या वेळी वापरली तीच, रेघांवरून ओळख पटवण्याची. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सांगितले की तेथे डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू असावा असे दिसते. नाव अवघड आहे, पण वायू आपल्या ओळखीचा आहे. मालवणला, वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर उतरल्याबरोबर समुद्राचा जो वास येतो, त्यात ह्या वायूचा वाटा असतो. समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पतींमुळे तो होतो. म्हणजे त्या ग्रहावरही जिवंत समुद्र असेल काय? मन हरखून जाते. पण इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा ती खूण फार पुसट आहे असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही आढळलेला आहे, आणि तेथे कसला समुद्र अन् कसल्या वनस्पती? तेव्हा हा निकालही राखून ठेवलेला आहे.

मग बोलणारे, विचार करणारे कोणी आहेत काय? याचे उत्तर अद्याप शांतता हेच आहे. कान मात्र आपण चांगले तयार केले आहेत. नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे एक यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश आपल्या खोडदने टिपला होता. यान पुढे आदळून फुटले, पण संदेश पोहोचला. तारकांकडून तसा कोणाचा संदेश अजून कोणाला मिळालेला नाही.

आपण मात्र निरोप धाडून ठेवला आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे. आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी तीत आहे. व्हॉयेजर-१ यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. त्यांचा आवाज आज अडीच हजार कोटी किलोमीटरांच्या आसपास पोहोचला आहे. ऐकणारा कोणी भेटेल न भेटेल, पण माणसाची ओळख सांगायला त्या मंडळींनी आपल्या मुलखातल्या एका बाईचे गाणे निवडले, याचा मला फार आनंद वाटतो.

तेव्हा चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर काय? पृथ्वीबाहेर जीव अद्याप सापडलेला नाही. तो कुठे तरी असण्याचा संभव पुष्कळ आहे, असे अनेक जाणत्यांना वाटते, आणि मलाही वाटते. पण वाटणे निराळे आणि असणे निराळे. आज खात्रीने जीव माहीत आहे तो एकाच ठिकाणी, ह्या आपल्या पृथ्वीवर. सहा हजारांवर ग्रह मोजून झाले, पण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर जमिनीतून कोंब वर येतो असा दुसरा ग्रह अजून कोणाला दिसलेला नाही. आपल्या विहिरी, ओहोळ, देवराया ह्यांची किंमत आपण यावरून ओळखावी.

आता सुरुवातीला म्हटलेला उंबरठा. ज्या मंगळावर जीव शोधायला आपल्या भगिनींनी यान पाठवले, तोच मंगळ आपल्या घरांतून मुलींच्या पत्रिकेत बसलेला आहे. माझ्या नात्यातली एक मुलगी, शिकलेली, हसतमुख, स्वतःच्या पायांवर उभी. दोन ठिकाणी पसंती झाली, आणि दोन्ही वेळा पत्रिकेत मंगळ आहे म्हणून बोलणे मोडले. आई-वडिलांनी शांत केली, दिवस पाळले, पैसे घातले. ती मुलगी कोणाशी भांडली नाही. ती हळूहळू बोलायचीच कमी झाली. तिसऱ्या स्थळाने पत्रिकाच मागितली नाही, म्हणून आज तिचा संसार आहे. पण मधली चार वर्षे तिला कोण परत देणार?

मी गणिताची शिक्षिका. मला हिशेब केल्यावाचून राहवत नाही. पत्रिकेची घरे बारा. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की दोष, असे म्हणतात. म्हणजे ढोबळमानाने बारांतल्या पाच माणसांना मंगळ! इतक्या जणांच्या जोडीदारावर जर खरोखर संकट येत असते, तर ते शोधायला ज्योतिषी कशाला लागला असता? गावच्या मृत्युनोंदीच्या वहीतच दिसले असते. तो ग्रह सर्वांत जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरांच्या आसपास असतो. तेथे आहे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची माती आणि विरळ हवा.

आणि हे केवळ माझे बोलणे नव्हे. आकाशातले जंतू ज्यांनी काट्यावर तोलले, त्याच डॉ. नारळीकरांनी २००८ मध्ये पत्रिकाही तोलल्या. प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर अतिशय हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना आवाहन केले की पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगावे. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा ४६ निघाले. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी निम्मी बरोबर येतात! ज्योतिष्यांना पूर्ण संधी देऊन, त्यांच्याच विद्येने परीक्षा घेतली होती. यापेक्षा न्यायाचे आणखी काय करायचे?

येथे कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. देव्हाऱ्यातला देव आणि पत्रिकेतला मंगळ ह्या एक गोष्टी नव्हेत. दूरच्या ग्रहावर जीव आहे की नाही, हे ठरवताना जाणती माणसे इतकी सावध असतात की पुरावा हाती असूनही "सिद्ध झाले नाही" म्हणतात. मग आपल्या पोटच्या मुलीच्या आयुष्याचा निकाल पुराव्यावाचून एका ओळीत कसा लावायचा? परग्रहावरचा जीव आपल्या हातचा नाही. ह्या अंगणातला जीव आहे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, पावसाळा सरल्यावर एका अंधाऱ्या रात्री मुलाबाळांसह जमावे, अंगणातले दिवे मालवावेत आणि आकाश पाहावे. मंगळ उगवलेला असेल तर तो तांबूस ठिपका मुलींना बोटाने दाखवावा आणि आज ऐकलेले त्यांना सांगावे. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली, तिची भीती कमी होते. दुसरी सूचना कठीण आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लग्नाचे मुलगे आहेत, त्यांनी मनाशी ठरवावे की सून पाहताना शिक्षण विचारू, स्वभाव विचारू, प्रकृती विचारू, मंगळ विचारणार नाही. मुलीच्या आईने हे म्हणून भागत नाही. मुलाच्या आईने म्हटले पाहिजे. त्या आया ह्या सभेत बसलेल्या आहेत, म्हणून हे येथेच बोलले.

ज्या भगिनीने ती चिठ्ठी टाकली, तिने पुढच्या वर्षी नाव घालून टाकावी, अशी तिला विनंती आहे. असा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.